सासुरवाडीचा थेंब

आमची गाडी ऑइल गळते, ही बातमी मला सासऱ्यांनी दिली. तीही न बोलता. पाचगणीला त्यांच्या घरी सकाळी चहाचा कप घेऊन अंगणात आलो, तर सासरे गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसून जमिनीवर खडूने काहीतरी काढत होते. आधी एक गोल काढला. मग गोलाशेजारी तारीख घातली. कमरेला हात लावून उठले आणि म्हणाले, "या जावईबापू. झोप झाली का?"

गोलाच्या आत रुपयाएवढा काळा डाग होता.

आता या डागाचं एवढं काय, असं कुणाला वाटेल. पण अंगणात दोनच महिन्यांपूर्वी पेव्हर ब्लॉक बसवले होते, आणि ते ब्लॉक तेल असे पितात की वर पुसायला काही उरत नाही. दुसरं म्हणजे सासऱ्यांनी तिथल्या एका निवासी शाळेचं भांडार तीस वर्षं सांभाळलेलं. ब्लँकेटं, बादल्या, खडूच्या पेट्या, सगळ्याचा हिशेब. माणूस निवृत्त झाला तरी हिशेब निवृत्त होत नाही, आणि खडूही बहुधा पुरून उरले असावेत.

"एसीचं पाणी असेल," मी म्हणालो.

महिना डिसेंबरचा होता. मी एकावर एक दोन स्वेटर घातले होते. शिवाय आमच्या गाडीचा एसी 2014 पासून बंद आहे. सासऱ्यांना ते पक्कं ठाऊक, कारण पुढच्याच वर्षी मे महिन्यात मी त्यांना त्याच गाडीतून पंढरपूरला नेऊन आणलं होतं. ते यावर काही बोलले नाहीत. खडू सदऱ्याच्या खिशात टाकला आणि कोपऱ्यातल्या स्कूटरवरची ताडपत्री सारखी करायला गेले. ती स्कूटर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. टू-स्ट्रोक, किकवाली. आता फिरवत नाहीत, पण दर रविवारी किक मारून पाच मिनिटं चालू ठेवतात आणि मग तिच्याकडे बघत उभे राहतात.

आमची गाडी 2001 सालची. एमएच 11, साताऱ्याचं पासिंग. पंधरा वर्षं झाल्यावर दोनदा आरटीओच्या पायऱ्या चढून पुन्हा पास करून घेतलेली. कंपनीचं नाव सांगत नाही. गाडीचं पंचविसावं वर्ष म्हणजे माणसाची नव्वदी, आणि नव्वदीत गुडघ्यात पाणी झालं म्हणून कुणी म्हातारीच्या माहेराला बोल लावत नाही.

साताऱ्याला परतल्यावर मी रात्री गाडीखाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवला. सकाळी पुठ्ठा कोरडा. दुसऱ्या दिवशी कोरडा. आठवडाभर कोरडा. आठव्या दिवशी त्यावर डाग दिसला तेव्हा मला आनंद झाला, पण तो मांजराचा निघाला. मी निष्कर्ष काढला की सासऱ्यांनी पाहिलेला थेंब ही एखाद्या पाहुण्याच्या गाडीची करणी होती. जानेवारीत पुन्हा पाचगणीला गेलो. सकाळी अंगणात दुसरा गोल, दुसरी तारीख.

"माझ्याच माहेरी बरी गळते," परतताना बायको म्हणाली. "तुमच्या बहिणीकडे कराडला जाते तेव्हा कशी शहाण्यासारखी कोरडी असते."

हे खरं होतं, आणि यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कराड साताऱ्याहून पन्नासेक किलोमीटर. पाचगणी त्याहून थोडं जवळच. गाडी तीच, ऑइल तेच, चालवणारा तोच. कराडला थेंब नाही, साताऱ्याला थेंब नाही. पाचगणीला मात्र सासऱ्यांनी गादी घालून ठेवल्यासारखी ही बाई तिथेच जाऊन पाझरायची.

आमचे मेकॅनिक पोवई नाक्यापासून जरा आत बसतात. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. मी गाडी घेऊन गेलो आणि सगळी कहाणी सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली, बॉनेट उघडलं, खाली आडवे झाले, उठले.

"कुठं गळतीय? कोरडी हाय की."

"इथे नाही गळत. पाचगणीला गळते."

"मग पाचगणीच्या मेकॅनिकला दाखवा."

पोरगं घरी तापाने फणफणलेलं असतं आणि डॉक्टरांच्या टेबलावर बसवलं की खिदळायला लागतं, तसं झालं. मास्तर म्हणाले, "साहेब, मला थेंब दाखवा. थेंब दिसला की मी सोडत न्हाय. पण न दिसणाऱ्या थेंबाला मी पाना कुठं लावू?"

ही त्यांची भूमिका आज विचार केला तर अगदी प्रामाणिक होती. पण तेव्हा मला वाटलं, यांना जमत नाही. म्हणून मी इतरांचे सल्ले घेतले, आणि तिथून पुढचे चार महिने वाया गेले.

सल्ल्यांची आपल्याकडे कमतरता नाही. बँकेतले सहकारी म्हणाले, ड्रेन नटाखालचा तांब्याचा वॉशर बदला. बदलला. मेहुणा म्हणाला, ऑइल फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचं रबर तिथेच चिकटून राहतं आणि त्याच्यावर नवीन फिल्टर बसतो. तपासलं, तसं नव्हतं. शेजारचे काका म्हणाले, ऑइल प्रेशरचा स्विच बघ, तो बंद गाडीत गळत नाही, इंजिन चालू असतानाच फसफसतो. हे ऐकायला फार शास्त्रशुद्ध वाटलं म्हणून तोही बदलला. कुणी म्हणालं घट्ट ऑइल टाका, 20 डब्ल्यू 50, ते गळूच शकत नाही. टाकलं. गाडी सकाळी उठायला कुरकुर करू लागली, आणि पाचगणीला तिसरा गोल उमटला. घट्ट ऑइलचा डाग जरा जास्त गोलाकार येतो, एवढं मात्र कळलं.

मग मी एका मोठ्या गॅरेजमध्ये गेलो. काचेची केबिन, पाण्याची छोटी बाटली, टाय लावलेला मुलगा. त्यांनी गाडी लिफ्टवर चढवली आणि मला खाली बोलावलं. आपली गाडी खालून बघणं हा प्रकार एखाद्या नातेवाइकाचा एक्स-रे बघण्यासारखा असतो. नको वाटतं, पण नजर हलत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत, तिथे तेलकट मातीचा थर होता. मुलाने त्यावर बोट फिरवलं, मला दाखवलं आणि खेदाने म्हणाला, "सर, क्रँकचं मागचं सील."

ते सील म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारं रबराचं कडं, आणि किमतीला फार नाही. पण तिथे पोहोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर क्लचप्लेट. क्लचप्लेट बदललीच आहे तर प्रेशरप्लेट आणि बेअरिंग. एवढं केलंच आहे तर इंजिनची माउंटिंग. कागदावर आकडा आला 14,500 रुपये. "उतरवलंच आहे तर" हे शब्द त्या दिवशी मी सहा वेळा ऐकले. मी म्हणालो, घरी विचारून सांगतो. नवऱ्याच्या जन्माला येऊन हे वाक्य जेवढं उपयोगी पडतं तेवढं दुसरं कुठलं पडत नाही.

घरी येऊन मी स्वतःच तपास हाती घेतला. शंभर पानी वही आणली आणि तिच्यावर लिहिलं, "थेंब". तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर, गाडी कुठल्या तोंडाने उभी, थेंब किती. ऑइलची पट्टी काढून पुसून पुन्हा घालून पातळी मोजायची आणि तीही लिहायची.

"माझ्या बीपीची नोंद कधी ठेवली नाहीत ती," बायको म्हणाली.

मी म्हणालो, "तुझं बीपी कुठे मधूनमधून येतं?" हे वाक्य मी बोलायला नको होतं. वहीत त्या तारखेला काही नोंद नाही.

एका व्हिडिओत पाहिलं की इंजिन आधी स्वच्छ धुवायचं, वाळवायचं, मग त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवायची. तेल जिथून येतं तिथपासून पावडरीवर काळी रेघ उमटते आणि चोर सापडतो. युक्ती नामी आहे आणि खरी आहे. मी डिझेल मारून इंजिन धुऊन घेतलं आणि रविवारी दुपारी बायकोचा चंदनाच्या वासाचा डबा घेऊन बॉनेटमध्ये वाकलो. डबा निम्मा रिकामा केला. इंजिन महाबळेश्वरच्या थंडीतल्या दवासारखं पांढरंशुभ्र दिसू लागलं. फक्त तेव्हा इंजिन चालू ठेवायचं नसतं, हे व्हिडिओत सांगितलं असावं, मी पुढे ढकललं असावं. पाणी तापलं, रेडिएटरचा पंखा फर्रकन सुरू झाला, आणि पुढच्या दोन सेकंदांत सगळी पावडर माझ्या अंगावर होती. जिन्यातून खाली आलेल्या काकांनी मला पाहिलं, क्षणभर थांबले आणि हात जोडून पुढे गेले. गाडी त्यानंतर पंधरा दिवस किराणा आणायला जाताना लग्नाच्या मांडवासारखी घमघमत होती.

पण वही कामाला आली. एप्रिलपर्यंत पाचगणीच्या सहा खेपा झाल्या होत्या आणि गोल होते पाच. एका खेपेला अंगण कोरडं. सासऱ्यांनी त्या दिवशीही खडू हातात घेऊन दोन फेऱ्या मारल्या होत्या आणि जरा खट्टू होऊन आत गेले होते. ती खेप कुठली ते मी वहीत बघितलं. त्या दिवशी आम्ही वाईवरून गेलोच नव्हतो. बायकोला देवदर्शन करायचं होतं म्हणून मेढ्यावरून केळघर घाट चढून आधी महाबळेश्वरला गेलो आणि तिथून एकोणीस-वीस किलोमीटर आरामात पाचगणीला उतरलो.

बाकीच्या पाचही वेळा वाई, पसरणी घाट, आणि घाट संपला की सासरे. वाई ते पाचगणी जेमतेम बारा किलोमीटर, पण चढ सहाशे मीटरच्या आसपास. सगळा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये, पाय दाबलेला, इंजिन ओरडत. आणि घाटमाथ्यावर आलं की कढई जळल्यासारखा वास. तो वास बायकोला पहिल्यापासून यायचा. मी दरवेळी पुढच्या ट्रककडे बोट दाखवायचो.

ही वही घेऊन मी पुन्हा मास्तरांकडे गेलो. कान पकडूनच गेलो म्हणा ना. त्यांनी डोळ्यांवर चष्मा चढवला आणि वही पहिल्या पानापासून वाचली. मधेच एका पोराला हाक मारून म्हणाले, "ये, बघ, गिऱ्हाईक असं पाहिजे." मी फुललो. मग त्यांनी विचारलं, "रोज गाडी किती चालती?"

"बँकेत जायला. दोन किलोमीटर जाऊन-येऊन. एकदम जपून चालवतो. कधी जोरात नाही."

"हां," मास्तर म्हणाले. त्या "हां"चा अर्थ मला नंतर कळला.

दुसऱ्या दिवशी इंजिन पुन्हा धुतलं आणि मास्तर स्वतः गाडीत बसले. पाचगणी कशाला, साताऱ्याच्या डोक्यावरच यवतेश्वरचा घाट आहे. "दुसऱ्यात ठेवा. दाबा अजून. पाय उचलू नका," असं ते शेजारी बसून सांगत होते आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी गाडीला असं पिदडत होतो. वर पोहोचल्यावर कडेला गाडी लावली. खाली सातारा शहर, समोर अजिंक्यतारा, आणि आम्ही दोघं बॉनेटमध्ये तोंड घालून. एक जोडपं सेल्फी काढत होतं, ते जरा लांब सरकलं.

मास्तरांनी खिशातून स्कूटरचा तुटका आरसा काढला. तो इंजिन आणि मागच्या पत्र्याच्या सांदीत घातला, दुसऱ्या हाताने बॅटरी मारली. "या इकडं. बघा."

मी आरशात पाहिलं. इंजिनच्या वर जे टॅपेट कव्हर असतं, त्याच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यात ओला धागा चमकत होता. तो कव्हरखालच्या पॅकिंगमधून निघून इंजिनच्या पाठीवरून सावकाश खाली उतरत होता. वाटेत एक फाटा गरम एक्झॉस्टकडे जात होता, तिथून बारीक धूर. दुसरा फाटा थेट खाली, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर. म्हणजे बरोबर तिथे, जिथे त्या टायवाल्या मुलाने बोट फिरवलं होतं.

"थेंब जिथं पडतो तिथं कधी बघायचं न्हाय," मास्तर म्हणाले. "तेल खाली जातं, आन् वारा त्याला मागं ढकलतो. थेंबापासनं वर बघायचं, आन् पुढं बघायचं."

"मग पॅकिंग बदलायचं?"

"पॅकिंग बदलाल, सहा महिन्यांनी नवं पॅकिंग गळंल. आधी ते का गळतंय ते बघू." त्यांनी इंजिन चालूच ठेवलं, ऑइल टाकायचं झाकण उघडलं आणि माझ्याकडे हात केला. "कागद."

माझ्याकडे वही होती. त्यांनी मला न विचारता फेब्रुवारीचं पान फाडलं आणि त्या भोकावर ठेवलं. चांगल्या इंजिनात तो कागद हलकासा आत ओढला जायला हवा, असं ते म्हणत होते तोवर कागद थडथडायला लागला. त्यांनी हाताने ॲक्सिलरेटरची केबल जराशी ओढली, आणि माझा अख्खा फेब्रुवारी महिना उडून विंडस्क्रीनवर जाऊन चिकटला.

मग त्यांनी कव्हरवरच्या एका पाइपातून बोटाएवढा व्हॉल्व्ह उपसला. पेट्रोल जळतं तेव्हा थोडा वायू पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीत, उतरतो. नवीन इंजिनातही उतरतो, जुन्यात जास्त. त्याला बाहेर पडायला हा ब्रीदर असतो, तो वायू परत इंजिनच्या तोंडाकडे जळायला पाठवतात. मास्तरांनी व्हॉल्व्ह माझ्या कानाशी धरून हलवला. "खुळखुळ्यासारखा वाजला पाहिजे. वाजतोय?"

वाजत नव्हता. आत मेणकापडावरच्या चिकट्यासारखा काळा गाळ घट्ट बसलेला होता.

"आता ही हवा जाणार कुठं? सपाट रस्त्यावर थोडी असती, कशीतरी मावती. घाटात इंजिनवर लोड आला की दुप्पट-तिप्पट होती. मग जिथं पॅकिंग कमजोर, तिथनं तेलाला घेऊन बाहेर. पाचगणीला पोचला की चढ संपला, तुम्ही गाडी लावली, अंगावरचं तेल निथळलं. घरी येताना तुम्ही घाट उतरणार, पाय उचललेला. वर तीस-पस्तीस किलोमीटर वारं. साताऱ्याला गाडी कोरडी."

"पण एवढा गाळ झाला कसा?"

मास्तरांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "जपून चालवल्यानं." दोन किलोमीटरमध्ये इंजिन धड तापत नाही. आतला दमटपणा जळून जात नाही, तो तेलात मिसळतो आणि असा चिखल होतो. म्हणजे मी तिला पोटच्या पोरीसारखं जपत होतो, आणि ती आतून कोंडत चालली होती. ते "हां" हेच होतं.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची. नवा व्हॉल्व्ह, ब्रीदरचा नवा पाइप, टॅपेट कव्हरचं पॅकिंग. जुनं पॅकिंग मास्तरांनी माझ्या हातात दिलं. रबर म्हणून जन्माला आलेली ती वस्तू मी वाकवली तर चकलीसारखी कडकन मोडली. बिल झालं 950 रुपये. मोठ्या गॅरेजच्या कागदाची घडी अजून पाकिटात होती, ती मी मास्तरांना दाखवली. त्यांनी वाचली, मागच्या कोऱ्या बाजूला आपला काळा हात पुसला आणि परत दिली.

रात्री मी हिशेब मांडला. तेलाचे वीस थेंब म्हणजे ढोबळमानाने 1 मिलिलिटर. पाचगणीच्या एका खेपेला मी फार तर तीस थेंब सांडत होतो, म्हणजे दीड मिलिलिटर. ऑइल 400 रुपये लिटर धरलं तर दर खेपेला साठ पैसे. आणि वॉशर, स्विच, घट्ट ऑइल, ते काढून पुन्हा पातळ ऑइल, तीनदा धुलाई, चंदनाची पावडर आणि मास्तर मिळून माझे गेले होते 6,740 रुपये. एवढ्या पैशांत मी महिन्याला एक खेप याप्रमाणे नऊशेहून अधिक वर्षं निवांत गळत राहू शकलो असतो. हा हिशेब मी बायकोला दाखवला नाही. पेव्हर ब्लॉकची किंमत त्यात धरली नाही, असं ती लगेच म्हणाली असती.

मे महिन्यात पाचगणीला गेलो. कंदी पेढ्यांचा एक पुडा सासूबाईंना, एक सासऱ्यांना वेगळा. घाट मुद्दाम जोरात चढवला. वास आला नाही. पुढे ट्रक होता, तरी आला नाही. अंगणात गाडी बरोबर जुन्या जागी लावली. त्या पाच गोलांच्या मधोमध. त्यांच्या तारखा पावसाअभावी अजून शाबूत होत्या. रात्री सासरे बॅटरी घेऊन एकदा बाहेर जाऊन आले. मी झोपेचं सोंग घेतलं होतं.

पहाटे साडेसहाला मी बाहेर आलो तर सासरे आधीच हजर. आम्ही दोघंही वाकलो. गाडीखाली काही नव्हतं. त्यांनी बोट फिरवून पाहिलं, वास घेतला, बोट कोरडं.

"सुधारली म्हणायची," ते म्हणाले, पण आवाजात हुरूप नव्हता. खडू खिशातच होता.

मी सरळ होताना माझी नजर कोपऱ्यात गेली. ताडपत्रीच्या कडेखाली, लाल ब्लॉकवर काहीतरी ओलं दिसत होतं. मी जाऊन उकिडवा बसलो. ताजा डाग, हिरवट झाक, आणि पेट्रोलचा वास. पाच महिन्यांत मी थेंबांचा जाणकार झालो होतो. हे टू-टी ऑइल घातलेलं पेट्रोल. रविवारी किक मारल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करायचा राहिला की जुन्या कार्ब्युरेटरमधून थेंब थेंब उतरतं. आदला दिवस रविवारच होता.

मी मागे वळून हात पुढे केला. सासऱ्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग खिशातून खडू काढून माझ्या हातावर ठेवला. मी व्यवस्थित गोल काढला. शेजारी तारीख घातली. उठून उभा राहिलो.

सासरे बराच वेळ स्कूटरकडे बघत होते.

"एसीचं पाणी असेल," ते म्हणाले, आणि चहाला आत गेले.